मूर्ती कधी येणार? – एक मागोवा

जीर्णोद्धार समितीने या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी प्रथम नकोच म्हणालो. मी तालुका कचेरीतील एक साधा कारकून. शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. गेली बावीस वर्षे आवक-जावक नोंदवही, दाखले, टिपण्या आणि स्मरणपत्रे यांतच गेली. इतिहास लिहिणे हा विद्वानांचा प्रांत आहे, हे मी जाणून आहे. परंतु गेली दोन वर्षे आपल्या गावात पिठाच्या गिरणीपासून एस. टी. थांब्यापर्यंत एकच प्रश्न विचारला जात होता – "मूर्ती कधी येणार?" मूर्तिकाराशी पत्रव्यवहार ठेवण्याचे काम समितीने माझ्यावर सोपविले असल्याने तो प्रश्न सर्वांत जास्त वेळा मलाच विचारला गेला. उत्तर देता येईना, तेव्हा मी तालुक्याच्या वाचनालयात बसून शोध घेऊ लागलो, की आपल्यासारखी वाट आणखी कोणी पाहिली आहे काय? जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. शेवटी आपल्या मूर्तीची हकीकतही सांगणार आहे. तीत माझी एक चूक आहे, ती कबूल करण्यास याहून योग्य जागा मला दिसत नाही.

प्रारंभ देवाच्याच कथेने करू. जगन्नाथपुरीची आख्यायिका पुष्कळांना ठाऊक असेल. राजा इंद्रद्युम्नाला समुद्रात वाहत आलेल्या पवित्र लाकडाच्या मूर्ती करवून घ्यायच्या होत्या. साक्षात विश्वकर्मा वृद्ध सुताराच्या रूपाने आला आणि त्याने एकच अट घातली. एकवीस दिवस दार बंद राहील, कोणी आत डोकवावयाचे नाही. काही दिवस आतून हत्यारांचा आवाज येत होता. पुढे तो थांबला. राणी गुंडिचेचा धीर सुटला. म्हातारा आत मेला तर नसेल? मुदतीपूर्वीच दार उघडले गेले. आत सुतार नव्हता आणि मूर्तींचे हातपाय पुरे झालेले नव्हते. त्याच रूपात जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा आजही पूजिले जातात. ठराविक वर्षांनी होणाऱ्या नवकलेवर विधीत नव्या लाकडाच्या मूर्ती घडवितात, अलीकडे १९९६ आणि २०१५ साली तो विधी झाला, तरी रूप तेच ठेवतात.

या कथेचा अर्थ लोक असा लावतात की राणीने घाई केली. मला कारकुनाला तीत आणखी एक गोष्ट दिसते. आतून आवाज येत होता तोवर सर्व ठीक होते. आवाज थांबला आणि शंका सुरू झाली. उशिराने माणूस जितका अस्वस्थ होत नाही, तितका तो शांततेने होतो. पुढील सर्व हकीकतींत हेच सूत्र वाचकांना आढळेल.

आता परदेशातील एक मोठे उदाहरण घेऊ. इटलीत मायकेलअँजेलो नावाचा थोर शिल्पकार होऊन गेला. १५०५ साली पोप दुसरा ज्युलियस याने त्याला रोमला बोलावून स्वतःच्या समाधीचे काम दिले. सुमारे चाळीस मूर्ती, पाच वर्षांची मुदत आणि दहा हजार डुकाट मोबदला, असा करार झाला. शिल्पकाराचे वय तेव्हा तीस. तो कॅरारा येथील संगमरवराच्या खाणीत जाऊन आठ महिने राहिला आणि स्वतः एकेक दगड निवडून आला. दगड रोमला येऊन पडले. इकडे पोपचे मन दुसरीकडे वळले होते. सेंट पीटरचे भव्य मंदिर नव्याने बांधण्याचा बेत त्याच्या डोक्यात घोळू लागला होता. दगडाचे पैसे मागण्यास गेलेल्या शिल्पकाराला दारातूनच परत लावले. कामाचे काय झाले, पैसे केव्हा मिळणार, हे कोणी सांगेना. एप्रिल १५०६ मध्ये, नव्या मंदिराची पायाभरणी होण्याच्या आदल्याच दिवशी, तो रागाने रोम सोडून फ्लॉरेन्सला निघून गेला. पोपने मागे घोडेस्वार पाठविले तरी तो फिरला नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस बोलोन्या शहरी दोघांचा समेट झाला. पण समाधीचे काम मागेच राहिले, कारण १५०८ ते १५१२ या काळात पोपने त्याच्याकडून सिस्टाईन प्रार्थनागृहाचे छत रंगवून घेतले. म्हणजे गिऱ्हाईकानेच पहिले काम बाजूला ठेवायला लावले. १५१३ साली पोप निवर्तला. मग त्याच्या वारसांशी नवा करार झाला. १५१६ साली पुन्हा, १५३२ साली पुन्हा, १५४२ साली पुन्हा. एकूण पाच करार झाले, आणि पहिल्या चाळीस मूर्तींचा तो बेत पुढे आटतच गेला. मधल्या काळातील नवे पोप त्याला आपापली कामे सांगत आणि ज्युलियसचे वारस पैसे खाल्ल्याचा आरोप करीत. अखेर १५४५ साली समाधी उभी राहिली, तेव्हा शिल्पकार सत्तर वर्षांचा झाला होता. ती सेंट पीटरमध्ये नाही, रोममधीलच दुसऱ्या एका चर्चमध्ये आहे, आणि ज्या पोपसाठी ती घडविली तो तिथे पुरलेलाही नाही. त्याच समाधीवरील मोझेसची मूर्ती मात्र बसलेल्या स्थितीतही साडेसात फुटांहून उंच असून जगातील उत्तम मूर्तींत गणली जाते. त्याच कामासाठी घडविलेले दोन बंदिवान पॅरिसच्या संग्रहालयात आहेत आणि दगडात अर्धवट अडकलेले चार फ्लॉरेन्समध्ये आहेत.

चाळीस वर्षांच्या या उशिराचा दोष कोणाचा? मूर्तिकार आळशी होता असे कोणी म्हणू शकणार नाही. मुख्य दोष हा, की काम सांगणाऱ्याने आपले मन बदलले आणि ते घडविणाऱ्याला वेळेवर सांगितले नाही.

त्याच काळात मिलान शहरी लिओनार्डो दा विंची याच्याकडे घोडेस्वाराच्या प्रचंड पुतळ्याचे काम होते. मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला आपल्या वडिलांचे स्मारक करायचे होते. लिओनार्डो १४८२ च्या सुमारास मिलानला आला. पण त्याचे चित्त शंभर ठिकाणी. घोड्यांची मापे काढ, धातू ओतण्याची नवी रीत शोध, यंत्रांची चित्रे काढ. १४८९ साली फ्लॉरेन्सच्या वकिलाने आपल्या धन्याला पत्र लिहून कळविले, की या कामासाठी एकदोन दुसरे जाणकार कारागीर असल्यास पाठवावेत, कारण लिओनार्डोच्या हातून ते पुरे होईल असा येथे भरवसा वाटत नाही. मूर्तिकार त्याच शहरात राहत असूनही ही शंका होती! अखेर १४९३ साली सुमारे चोवीस फूट उंचीचा मातीचा घोडा लोकांना पाहावयास मिळाला आणि सर्वांनी तोंडात बोटे घातली. आता फक्त ओतकाम उरले होते. पण १४९४ मध्ये युद्धाचे ढग जमले आणि पुतळ्यासाठी साठविलेला धातू तोफांसाठी पाठविला गेला. १४९९ साली फ्रेंच सैन्य शहरात शिरले आणि त्यांच्या तिरंदाजांनी त्या मातीच्या घोड्यावर नेम धरण्याचा सराव केला. बरोबर पाचशे वर्षांनी, १९९९ साली, त्या कल्पनेवर आधारलेला एक कांस्याचा घोडा मिलानमध्ये उभारला गेला. धडा असा, की उशिराला व्याज चढते. एक हंगाम चुकला की परिस्थिती पुन्हा हात देईलच असे नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, उशीर मूर्तीकडूनच होतो. तसे नाही. अमेरिकेतील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त फ्रान्समधील लोकांनी वर्गणी काढून पुतळा द्यायचा आणि चौथरा अमेरिकेतील लोकांनी बांधायचा, असे ठरले. शिल्पकार बार्थोल्डी. शताब्दी होती १८७६ साली, पण त्या वर्षी मशाल धरलेला हात तेवढा तयार होऊन अमेरिकेत गेला. दोन वर्षांनी पॅरिसच्या प्रदर्शनात डोके मांडले गेले. आतील सांगाडा ज्याच्याकडे होता तो वास्तुविशारद १८७९ साली वारला आणि ते काम आयफेल टॉवरमुळे पुढे प्रसिद्ध झालेल्या आयफेलकडे गेले. १८८४ साली पुतळा पॅरिसमध्ये पुरा झाला. पण नेऊन ठेवायचा कोठे? चौथऱ्याचे काम पैशांवाचून अडले होते!

तेव्हा न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वृत्तपत्राचा मालक पुलित्झर याने मार्च १८८५ मध्ये जाहीर केले, की जो कोणी कितीही लहान देणगी देईल त्याचे नाव मी छापीन. मुलांनी खाऊचे पैसे पाठविले. पाच महिन्यांत एक लाखाहून अधिक लोकांकडून एक लाखाहून अधिक डॉलर जमले. बहुतेकांची देणगी एका डॉलरहून कमी होती. जून १८८५ मध्ये पुतळ्याचे भाग दोनशेहून अधिक पेट्यांतून न्यूयॉर्कला आले आणि चौथरा पुरा होईपर्यंत जवळजवळ वर्षभर त्या पेट्या तशाच पडून राहिल्या. २८ ऑक्टोबर १८८६ रोजी अनावरण झाले. या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या गावातील अकरा रुपयांपासूनच्या सर्व देणगीदारांची यादी छापली आहे. ती वाचताना मला त्या वृत्तपत्राची आठवण झाली. जगात सगळीकडे देव आणि देवता वर्गणीवरच उभ्या राहतात.

आता ज्या हकीकतीने मला सर्वांत जास्त विचार करावयास लावला ती सांगतो. फ्रान्समध्ये बाल्झाक नावाचा मोठा कादंबरीकार होऊन गेला. तेथील लेखकांच्या संस्थेने त्याचा पुतळा करावयाचे ठरविले. ज्या शिल्पकाराला प्रथम काम दिले तो वारला. मग १८९१ साली, एमिल झोला अध्यक्ष असताना, ते काम रोदँ याला दिले गेले. त्याने अठरा महिन्यांत पुतळा देण्याचे कबूल केले. रोदँने बाल्झाकला पाहिले नव्हते, कारण तो १८५० सालीच वारला होता. म्हणून तो बाल्झाकच्या गावाकडे जाऊन त्या चेहऱ्यामोहऱ्याची माणसे पाहून आला. बाल्झाकच्या जुन्या शिंप्याला गाठून त्याच्या मापाचे कपडे पुन्हा शिवून घेतले. एकामागून एक नमुने केले आणि टाकून दिले.

मुदत संपली. रोदँ आणखी वेळ मागू लागला. समितीचे सभासद शिल्पशाळेत येऊन कच्चा नमुना पाहून नाराज होऊन गेले. १८९४ साली तर प्रकरण इतके चिघळले, की आगाऊ घेतलेले दहा हजार फ्रँक रोदँने अनामत म्हणून ठेवून दिले आणि संस्थेच्या अध्यक्षाने काही सभासदांसह राजीनामा दिला. पण एवढ्या सगळ्या भांडणात दोन्ही पक्षांनी एकत्र बसून 'आपल्याला मूर्ती नेमकी कशी हवी आहे?' हा प्रश्न निकालात काढला नाही. संस्थेला हवा होता ओळखीचा लेखक. रोदँला घडवायचे होते त्या लेखकाचे तेज. अखेर १८९८ साली अंगरखा पांघरलेली ती उंच आकृती प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा कोणी तिला कोळशाचे पोते म्हणाले, कोणी बर्फाचा बाहुला म्हणाले. संस्थेने ती नाकारली. रोदँने पैसे परत केले आणि मूर्ती स्वतःच्या घरी नेली. संस्थेने दुसऱ्या शिल्पकाराकडून पुतळा करवून घेतला आणि तो १९०२ साली बसविलाही. रोदँ १९१७ साली वारला. त्याचा बाल्झाक कांस्यात ओतून पॅरिसच्या रस्त्यावर उभा राहिला तो १९३९ साली. आज तो पाहण्यासाठी लोक मुद्दाम जातात.

आपल्या महाराष्ट्रातही असा एक प्रसंग आहे. पुण्यातील श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा अनेकांनी पाहिला असेल. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पुढाकाराने त्याची कोनशिला १९ नोव्हेंबर १९२१ रोजी बसली. पुढच्याच वर्षी, ६ मे १९२२ रोजी, महाराजांचे देहावसान झाले. पुतळ्याचे अनावरण झाले १६ जून १९२८ रोजी. अलिबागजवळील सासवणे गावचे शिल्पकार नानासाहेब करमरकर यांनी तो घडविला. ज्यांनी ध्यास घेतला त्यांना तो पाहावयास मिळाला नाही. ही ओळ वाचनालयात वाचताना माझे डोळे पाणावले. त्याचे कारण आता सांगतो.

आपल्या विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती आपण राजस्थानातील एका मूर्तिकाराकडे दसऱ्याला सांगितल्या. पुढच्या पाडव्याला देण्याचे ठरले. करारात लिहिले होते, "उंची ३ फूट". तो करार मीच लिहिला. कचेरीत एवढे कागद लिहूनही ती उंची पादपीठासह की पादपीठ सोडून, हे लिहावयाचे मला सुचले नाही. दिवाळीनंतर मूर्तिकाराने माझ्या मोबाईलवर दगडाचे छायाचित्र पाठविले आणि नेमका हाच प्रश्न विचारला. मी मनात म्हटले, समितीची बैठक झाल्यावर कळवू. उसाची तोड चालू होती, बैठक होईना. तो निरोप माझ्याकडे एकेचाळीस दिवस पडून राहिला. उत्तर येईपर्यंत मूर्तिकाराने दगडाला हात लावला नाही, आणि तेच बरोबर होते. कारण एकदा उतरलेला दगड पुन्हा चढत नाही.

माझे वडील, आबा, यांनी एकतीस वर्षे पंढरीची वारी केली. या मंदिराची पहिली पावती त्यांच्या नावची आहे. गुडघ्यांनी उठणे बसणे होईना, तेव्हा ते पडवीत बसून मी घरी येण्याची वाट पाहत. रोज एकच प्रश्न. "काय रे, मूर्तिकाराचं काही आलं का?" मी म्हणे, "नाही आबा, त्याचं अजून काही नाही." खरे पाहता उत्तर त्याच्याकडून यायचे नव्हते, माझ्याकडून जायचे होते. हे मी त्यांना सांगितले नाही.

पुढे मापाचा निकाल लागला आणि काम सुरू झाले. पाडवा गेला. मग मूर्तिकाराकडूनही निरोप येईनासे झाले. फोन लावला की "काम चालू आहे" एवढेच. गावात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे फसविले, कोणी म्हणे आगाऊ रक्कम परत मागा. समितीने सांगितल्यावरून मी नोटीस लिहिली. आठ दिवसांत मूर्ती न दिल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल, वगैरे. शब्द कडक होते. तशी भाषा मला येते. ती घेऊन समितीचे दोघे जण आणि मी राजस्थानात गेलो.

तेथे शेडच्या कोपऱ्यात गोणपाट टाकून एक मूर्ती ठेवलेली होती. मूर्तिकाराने गोणपाट काढले. कमरेवर हात ठेवलेला विठ्ठल जवळजवळ पुरा झालेला होता. पण चेहरा कोरता कोरता काळ्या पाषाणातून एक पांढरी शीर निघाली होती, ती डाव्या गालावरून थेट हनुवटीपर्यंत गेली होती. मूर्तिकार म्हणाला, वरून रंग-पॉलिश करून ही झाकता आली असती, तुम्हाला कळलेही नसते. पण रोजच्या अभिषेकाने कधीतरी उघडी पडली असती आणि सदोष शिळा पूजेला चालत नाही. म्हणून त्याने स्वखर्चाने दुसरा दगड आणून पहिल्यापासून सुरुवात केली होती. आम्ही विचारले, मग कळविले का नाही? तो खाली पाहत म्हणाला, "आपने पैसे वापस माँग लिए होते तो?" नोटीस माझ्या पिशवीतच राहिली.

मूर्ती गावात आल्या त्या आषाढात, वाजतगाजत. आबा त्याच्या अठरा दिवस आधी गेले. एकेचाळीस दिवसांतून अठरा वजा केले तर किती उरतात, हा हिशेब मी पुष्कळदा केला आहे. शीर माझ्यामुळे निघाली नाही, हे मला कळते. पण काम एकेचाळीस दिवस आधी सुरू झाले असते तर शीरही तितकीच आधी दिसली असती, हेही कळते.

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' अशी आपल्याकडे म्हण आहे. मी म्हणेन, ते घाव एकट्या दगडाने सोसून भागत नाही. घडविणाऱ्याने वाईट बातमी सांगण्याचे धैर्य ठेवावे लागते आणि सांगणाऱ्याने ती ऐकण्याचे. शेजारच्या गावांतही मंदिरांची कामे निघत आहेत, म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी लिहून ठेवतो. मूर्तीची उंची लिहिताना पादपीठासह की त्याशिवाय ते लिहावे आणि रेखाचित्रावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. पत्रव्यवहार पाहणाऱ्या माणसाला लहानसहान उत्तरे देण्याचा अधिकार समितीने द्यावा, आणि त्याने आलेल्या प्रश्नाला आठ दिवसांत उत्तर पाठवावे, निदान 'पोचले, विचारून कळवितो' एवढे तरी. दगड निवडणे, अंग उतरणे आणि चेहरा कोरणे, अशा टप्प्यांवर कोणीतरी जाऊन पाहून यावे आणि पैसेही त्या त्या टप्प्याला द्यावेत. दगड खराब निघाला तर आगाऊ रक्कम परत मागणार नाही, असे करारातच लिहावे, म्हणजे मूर्तिकार लपविणार नाही. आणि प्राणप्रतिष्ठेचा मुहूर्त मूर्ती डोळ्यांनी पाहिल्यावरच काढावा.

काकड्याला गाभाऱ्यासमोर उभे राहिले, की समईच्या उजेडात विठ्ठलाचा डावा गाल स्वच्छ काळा दिसतो. तेथे शीर नाही. ज्याने पहिली मूर्ती टाकून दिली त्या हातांचे उपकार गावाने विसरू नयेत. ती नोटीस मी अजून फाडलेली नाही. मंदिराच्या दप्तरात, कराराच्या मागे लावून ठेवली आहे. तिच्यावर जावक क्रमांक नाही.